बोअरच्या पाण्यावरचा गीझर : आवाज, क्षार, ॲनोड रॉड आणि खरी सर्व्हिसिंग

मृण्मयी_व

नमस्कार मंडळी. आम्ही वाघोलीत राहतो. सोसायटीचं सगळं पाणी बोअर आणि टँकरवर. बाथरूममध्ये २५ लिटरचा, २ किलोवॅटचा उभा स्टोरेज गीझर आहे, आतून काचेचा लेप असलेल्या टाकीचा. गेल्या हिवाळ्यापासून तो चालू केला की आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. लाल दिवा आठ-दहा मिनिटांत जातो आणि एक बादली भरेपर्यंत पाणी कोमट होतं. तापमानाची चकती पूर्ण फिरवून ठेवली तरी तेच.

वार्षिक देखभालीचा करार केलेला आहे. त्यांचा माणूस आला, बाहेरचं कव्हर पुसलं, चकती फिरवून बघितली, "बोअरच्या पाण्याला असंच होतं" म्हणाला आणि सही घेऊन गेला. सासूबाईंचे गुडघे धरलेले असतात, त्यांना सकाळी चांगलं कढत पाणी लागतंच. हा आवाज धोक्याचा आहे का? कॉइल बदलून भागेल की नवीनच गीझर घ्यावा? जाणकारांनी कृपया सांगा.

नीलेश_उंड्री

आमच्याकडे अगदी हेच. त्यात विजेचं बिलही वाढलं. क्षार बसला की कॉइल जास्त वीज खाते. कॉइल बदलून टाका, विषय संपेल.

वायरमन_काका

मृण्मयीताई, गीझर टाकू नका आणि कॉइलही एवढ्यात बदलू नका. आधी साधा हिशेब बघू.

२५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट लागतं. २ किलोवॅटची कॉइल हे काम अर्ध्या तासात करते. तुमचा दिवा दहा मिनिटांत जातो, म्हणजे तेवढ्या वेळात टाकीतलं पाणी फार तर ११-१२ अंशांनी वर गेलंय. कॉइल तिचं काम करतेय, पण थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) तिला मध्येच थांबवतोय. तो असं का करतो? थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत बसते ती कॉइलच्या अगदी लगत असते. बोअरच्या पाण्यात कॉइल आणि ती नळी या दोघींना मिळून क्षाराचा एकच गोळा बसतो. गोळा आतून तापतो आणि थर्मोस्टॅटला वाटतं पाणी तापलं. टाकी मात्र गारच राहते. थर्मोस्टॅट खराब असूनही असं होऊ शकतं, पण तुम्ही सांगताय तो आवाज जोडीला आहे, म्हणून माझा संशय क्षारावर आहे. थराखाली अडकलेलं पाणी कॉइलला टेकून उकळतं, वाफेचे बुडबुडे थर फोडून बाहेर पडतात, त्याचा तो आवाज.

नीलेशराव, एक दुरुस्ती. क्षारामुळे कॉइल जास्त वीज खात नाही. ती पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता थरातून उशिरा का होईना, पाण्यातच जाणार. बिल वाढतं कारण पाणी कोमट येतं म्हणून लोक गीझर तासन्‌तास चालू ठेवतात. क्षाराचा खरा मार कॉइलच्या आयुष्यावर बसतो. उष्णता वेळेवर बाहेर न पडल्याने वरची नळी प्रमाणाबाहेर तापते, तिला बारीक चीर पडते, आतल्या पांढऱ्या पुडीत पाणी शिरतं आणि गळती सुरू होते. घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडतो. नसेल तर नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि तिथून पुढे काय होऊ शकतं ते लिहायची गरज नाही. मुंग्या आल्या की त्या क्षणापासून गीझर बंद. "थोडंसंच लागतं" असं म्हणून कोणी वापरत राहू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. गीझर घेतल्यापासून मॅग्नेशियमचा रॉड, म्हणजेच ॲनोड रॉड, कोणी काढून बघितलाय का?

मृण्मयी_व

काका, इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. रॉडचं नावसुद्धा आजच ऐकतेय. करारवाल्या माणसाने कधीच काढला नाही.

वायरमन_काका

तेच तर दुखणं आहे. टाकी पोलादाची, आतून काचेचा लेप भाजून लावलेला. लेप कितीही चांगला असला तरी कुठेतरी सुईच्या टोकाएवढी उघडी जागा राहतेच. त्यासाठी आत मॅग्नेशियमचा रॉड सोडलेला असतो. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी गंजतं. रॉड झिजत जातो आणि तोवर टाकी सुरक्षित राहते. रॉड संपला की गंज टाकीला धरतो. आतली टाकी एकदा फुटली की तिची दुरुस्ती होत नाही, अख्खा गीझर भंगारात जातो. काही शे रुपयांच्या रॉडपायी हजारोंची वस्तू जाते. बोअरचं पाणी विजेला चांगला वाहक असतं, त्यामुळे रॉड अजून लवकर संपतो. असं पाणी असेल तर वर्षातून एकदा उघडायचा. बारीक झाला असेल किंवा मधली तार दिसायला लागली असेल तर बदलायचा.

इचलकरंजीत मी जन्मभर हेच काम केलं. ज्या घरी रॉड वेळेवर बदलला जातो तिथले गीझर माझ्या डोळ्यांदेखत पंधरा-पंधरा वर्षं चाललेत. फ्लँज, म्हणजे कॉइल बसवलेलं टाकीच्या तळाचं झाकण, न उघडता केलेल्या कामाला मी सर्व्हिसिंग मानत नाही. पैसे द्यायच्या आधी सरळ विचारा : कॉइल बाहेर काढून दाखवणार का?

सागरवेळ

आमच्या रत्नागिरीकडचा अनुभव उलट आहे, म्हणून लिहितोय. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, क्षार जवळजवळ नाहीतच, साबणाला भरपूर फेस. कॉइल वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. पण पाणी किंचित आंबट जातीचं, धातू खाणारं. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजतात आणि तांब्या-पितळेच्या जोडांमुळे बेसिनमध्ये नळाखाली निळसर-हिरवा डाग पडतो. आवाज येत नाही म्हणून आमच्याकडे कोणी गीझर उघडतच नाही आणि एक दिवस तळातून तांबडं पाणी गळायला लागतं. कोकण-गोव्यातल्या लोकांनी कॉइल उघडली नाही तरी चालेल, पण रॉड जरूर बघावा.

अनुजा_क

हे सगळं घरी करता येण्यासारखं आहे का? आणि क्षार काढायला बाथरूमचं ॲसिड चालतं असं आमचा प्लंबर म्हणतो. पाचच मिनिटांत कॉइल लख्ख होते म्हणे.

वायरमन_काका

अनुजाताई, ते ॲसिड अजिबात नको. फरशीचे डाग काढायचं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. क्षार खातं तसंच ते कॉइलची नळी खातं, वेल्डिंग खातं, टाकीचा लेप जिथे निघालाय तिथलं पोलादही खातं. स्टेनलेस स्टीलच्या टाकीला तर ते फारच वाईट, बारीक भोकं पडतात. शिवाय बंद बाथरूममध्ये त्या वाफा छातीत जातात. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणा. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे घालून कॉइल त्यात बुडवून ठेवा, पण जोडणीची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. बुडबुडे थांबले की पाणी बदलायचं. रात्रभर ठेवली तर जाड थरही बोटाने सुटतो. पांढरं व्हिनेगरही चालतं.

घरी करता येतं का? मल्टिमीटर हाताळता येत असेल आणि घरात दुसरं माणूस सोबत असेल तर येतं. नाहीतर माहितीचा वायरमन बोलवा आणि शेजारी उभं राहून करून घ्या. क्रम मात्र हाच ठेवा.

आधी बोर्डातला गीझरचा एमसीबी पाडायचा आणि प्लगही काढायचा. नुसतं बटण बंद करून कव्हर उघडायचं नाही. पुष्कळ घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, मग बटण बंद असूनही कॉइलपर्यंत करंट असतो. टेस्टरने खात्री करा. मग पाणी निवू द्या, शक्यतो आदल्या रात्रीच गीझर बंद ठेवा. नंतर गार पाण्याच्या लाइनचा अँगल कॉक बंद करायचा, गरम नळ उघडा ठेवायचा आणि गीझरखालच्या, जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी उचलून किंवा खालचं बूच काढून टाकी रिकामी करायची. खाली टब लागेल, कारण २५ लिटर म्हणजे सव्वा-दीड बादली पाणी उतरतं.

खालचं कव्हर काढलं की वायरींचा फोटो घ्या. मग फ्लँजचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. एकाच बाजूचे आधी काढले तर फ्लँज तिरकी होऊन रबर फाटतं. रबर तसंही नवीनच घाला, जुनं परत बसवलं की ते गळतंच. टाकीच्या तळाशी साचलेला खडा हाताने किंवा लाकडी पट्टीने काढा. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर लेप उडतो आणि गंजाला वाट मिळते.

कॉइल सुकल्यावर मोजायची. २३० व्होल्टवर २ किलोवॅटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते, ३ किलोवॅटची १७-१८. टोक आणि बाहेरची नळी यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये. हे मेगरने (जास्त व्होल्ट देऊन गळती मोजणारं यंत्र) बघणं उत्तम, कारण मल्टिमीटरला बारीक गळती कळत नाही.

सगळं बसवलं की आधी पाणी. गरम नळातून फसफस थांबून सलग धार येईपर्यंत एमसीबीला हात लावायचा नाही. कोरड्या टाकीत कॉइल काही सेकंदांत जळते.

प्रशांत_हिंजवडी

छान धागा, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न : २४ मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं, रात्री गीझर बंद असतानासुद्धा. प्लंबर म्हणतो बूच मारून टाकू, जमीन ओली होणार नाही.

वायरमन_काका

प्रशांतराव, त्या माणसाला त्या व्हॉल्व्हला हात लावू देऊ नका. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी ६० अंशांना पोचेपर्यंत जवळजवळ पाव ते अर्धा लिटर जास्त जागा मागतं. येणाऱ्या लाइनला एकदिशा झडप असते, म्हणून ते मागे जाऊ शकत नाही. त्याची वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह. गीझर तापत असताना थोडे थेंब पडणं हे व्हॉल्व्ह जिवंत असल्याचं लक्षण. थर्मोस्टॅट चिकटला, कटआऊट (पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणारा भाग) चालला नाही आणि त्यात हा व्हॉल्व्हही बुजवलेला असला तर टाकी फुटते. अशी टाकी भिंत फोडून जाते. एमसील, खिळा, बूच, काहीही लावायचं नाही. त्याला एक नळी जोडून ती मोरीच्या जाळीत सोडा.

तुमच्याकडे मात्र रात्रीही थेंब पडतात, म्हणजे मामला दाबाचा असावा. १० मीटर उंचीला १ बार दाब धरतात. गच्चीवरची टाकी तुमच्या डोक्यावर ६५-७० मीटर आहे, म्हणजे साडेसहा-सात बार होतात. घरगुती गीझर बहुतेक ८ बारचे असतात, म्हणजे मध्ये फारसं अंतर उरत नाही. उंच इमारतीत खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असायला हवेत. सोसायटीत विचारा, बहुधा ते बसवलेले असतील पण बिघडले असतील. प्रेशर गेज लावून आकडा बघा. ३ बारच्या आसपास आणला तर गीझरसकट घरातले सगळे नळ आणि फ्लशच्या टाक्या जास्त टिकतील.

आर्कि_मेधा

यात एक भर. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. २५ लिटरचा भरलेला गीझर ३५ किलोच्या पुढे जातो. साधे फास्टनर त्या ब्लॉकमध्ये कालांतराने सैल होतात. सर्व्हिसिंगच्या वेळी टाकी रिकामी असतानाच हात लावून बघा, हलत असेल तर आरपार बोल्ट आणि मागे पट्टी द्या.

नीलेश_उंड्री

काका, क्षार ६० अंशांच्या वर जास्त बसतो असं वाचलं. मग चकती ४५ वर ठेवली तर सगळाच प्रश्न सुटेल ना?

मेलबर्नकर

यावर मी लिहितो. इथे मेलबर्नला घराबाहेर अडीचशे-तीनशे लिटरची विजेची टाकी असते आणि ती रात्रीच्या स्वस्त विजेवर तापते. नियम असा की साठवलेलं पाणी किमान ६० अंशांवर हवं आणि न्हाणीघराच्या नळाला ५० अंशांच्या वर येता कामा नये. त्यासाठी मध्ये गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवतात. ६० ची अट लेजिओनेला नावाच्या जंतूमुळे आहे. तो २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. वयस्कर माणसांना धोका जास्त. नळाच्या ५० ची अट भाजू नये म्हणून, कारण ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत गंभीर भाजते, लहान मुलांची त्याहून लवकर.

नीलेश, कायम ४५ वर ठेवू नकोस. रोज रिकामा होणाऱ्या छोट्या गीझरमध्ये धोका कमी हे खरं, पण ५५-६० हाच मधला मार्ग बरा. गावाहून परत आल्यावर आधी पूर्ण तापवून मगच वापर. आणि बादलीत आधी गार, मग गरम. माझी आई पुण्यात एकटी असते, तिला मी फोनवर हेच सांगत असतो.

इथे व्हॉल्व्हची दांडी दर सहा महिन्यांनी उचलून पाणी सोडायला सांगतात, म्हणजे ती क्षाराने चिकटत नाही. हे तुम्हीही करू शकता, पण पाणी कढत असेल तर हात जपून.

अनुजा_क

पाणीच सुधारलं तर? टीडीएस मीटर आहे माझ्याकडे, ११०० दाखवतो.

वायरमन_काका

टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेले क्षार. गीझरचा शत्रू आहे त्यातला कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भाग. तो मीटरला कळत नाही, थेंब टाकून रंग बदलणारा संच मिळतो त्यावर मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा बघून मग सॉफ्टनरचा (कठीणपणा काढणाऱ्या यंत्राचा) विचार करा. घरभर सॉफ्टनर बसवला तर क्षार थांबतो, पण मीठ घालून चालणाऱ्या सॉफ्टनरच्या पाण्यात रॉड झिजायचा थांबत नाही, उलट लवकर संपू शकतो. सॉफ्टनर लावून निर्धास्त झालेल्या घरांत मी फुटलेल्या टाक्या बघितल्यात. नळाला लावायचे पॉलिफॉस्फेटच्या खड्यांचे फिल्टर थोडी मदत करतात, पण पाणी ६० च्या वर गेलं की त्यांचा उपयोग कमी होतो.

मृण्मयी_व

काल उघडला! चौकातल्या एका वायरमन दादांना बोलावलं, काकांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली, ते म्हणाले, "बरोबर आहे, पण असं करून घ्यायला कोणी पैसेच देत नाही."

टाकी रिकामी करताना आधी दुधासारखं पाणी आलं, मग पापुद्रे, आणि मग बूचच तुंबलं. फ्लँज खाली येईना, कारण कॉइलचा गोळा तोंडातून निघत नव्हता. हळूहळू फिरवत काढली. कॉइलचे वेढे ओळखूच येत नव्हते, पिवळट पांढऱ्या कवचाखाली सगळे एक झालेले, आणि थर्मोस्टॅटची नळी त्यातच गाडलेली, काका म्हणाले होते अगदी तशी. कवचावर नखाने टिचकी मारली तर फरशीसारखा आवाज. रॉडच्या जागी गंजकी तार होती, टोकाला मॅग्नेशियमचे दोन-तीन गाठीसारखे तुकडे. टॉर्च लावून टाकीत बघितलं, लेप अजून निळा-चकचकीत आहे, फक्त तोंडाच्या कडेला तांबूस डाग. दादा म्हणाले अजून एक हिवाळा गेला असता तर टाकी हाती लागली नसती.

कॉइल लिंबूसत्त्वात रात्रभर ठेवली. सकाळी मोजली, २६ ओहम, मेगरलाही बरोबर. म्हणून तीच ठेवली. रॉड आणि रबर नवीन. प्लगही बदलला, जुन्याची एक पिन काळी पडली होती. आता दिवा अर्धा तास राहतो, आवाज पूर्ण बंद, आणि सासूबाईंची आंघोळ होऊन माझ्यापुरतं पाणी उरतं.

देखभालीच्या करारवाल्यांना पत्र लिहिलंय : पुढच्या वेळी कामाच्या कागदावर "फ्लँज उघडली, रॉड तपासला, उरलेली जाडी एवढी" असं लिहून दिल्याशिवाय मी सही करणार नाही. सोसायटीच्या गटातही टाकलं. त्या कंपनीचे करार आमच्या इमारतीत पुष्कळ घरी आहेत आणि रॉड कोणाचाच बघितलेला नाही.

वायरमन_काका

शाब्बास. तोंडाच्या कडेच्या डागावर लक्ष ठेवा. पुढची तपासणी सहा महिन्यांनीच करा, नवीन रॉड किती वेगाने झिजतो ते कळेल आणि मग तुमच्या पाण्याचा क्रम ठरवता येईल. थेंब फ्लँजच्या नटांपाशी दिसला तर रबराचा दोष, नट आवळून भागेल. बाहेरच्या कव्हरच्या सांध्यातून तांबडं पाणी आलं तर मात्र टाकी गेली असं समजा.

लातूरकर_विनय

आमच्याकडे सोलर आहे, ढगाळ दिवसांसाठी टाकीत बॅकअप कॉइल. पाणी बोअरचंच. त्या टाकीलाही रॉड असतो का?

वायरमन_काका

विनयराव, काचेच्या लेपाची पोलादी टाकी असेल तर असतो. स्टेनलेसच्या टाकीला काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, सोबतचं पुस्तक बघा. टाकीच्या टोकाला किंवा बाजूला टोपीखाली मोठा षटकोनी नट दिसेल, बहुधा तोच रॉड. लातूरच्या पाण्यात काचेच्या नळ्यांच्या तळालाही क्षार साचतो, दरवर्षी एखादी नळी काढून बघा. काम पहाटे, ऊन चढायच्या आधी करा, रिकाम्या तापलेल्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते. आणि गच्चीवर जाण्यापूर्वी खालचा एमसीबी पाडून त्यावर चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घरातलं कोणी पाणी गार लागलं म्हणून वर उचलणार नाही.